शॉर्ट फिल्म, बायकांचं जगणं आणि अपंगत्व: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत सामाजिक विषयांवर शॉर्ट फिल्म करणाऱ्या मंडळींशी आमचं कायम बोलणं होतं. त्यात कॉलेजची मुलंमुली असतात, बचतगटातल्या ताई असतात, विशेष शाळांमधले शिक्षक असतात आणि स्वतः अपंगत्व घेऊन जगणारी माणसंही असतात. बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माहितीसोबत आमची मतंही आहेत आणि ती आम्ही लपवलेली नाहीत.

शॉर्ट फिल्म किती मिनिटांची असावी?

ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट मानतात. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा 15 मिनिटांची आहे. पहिलीच फिल्म असेल तर दहा मिनिटांच्या आत ठेवा. प्रेक्षकाला दहा मिनिटं धरून ठेवणंही सोपं नसतं.

विषय सामाजिक आहे, मग शेवटी संदेश द्यायलाच हवा ना?

नको. शेवटी पडदा काळा होतो, उदास बासरी वाजते आणि पांढऱ्या अक्षरांत आकडेवारी येते, अशा फिल्म आमच्याकडे ढिगाने येतात. प्रेक्षकाला त्या पाटीवरचा आकडा आठवत नाही. त्याला ती बाई आठवते, जी रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात किती भाजी उरली आहे ते बघते आणि मग ठरवते की आपल्याला भूक आहे की नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी 289 मिनिटं देते आणि पुरुष 88, असं दिसलं. आकडा बोलका आहे, पण तो तुम्ही पटकथा लिहिताना डोक्यात ठेवायचा आहे. पडद्यावर त्याच 289 मिनिटांतली चार मिनिटं दाखवा, नीट, न घाईने.

बायकांच्या जगण्यावर करायचं आहे, पण स्वयंपाकघर आणि पोळ्या सोडून काही सुचत नाही.

स्वयंपाकघर वाईट नाही, फक्त तिथे सगळेच जाऊन आले आहेत. आपल्या भागात बाईचं काम घराबाहेर इतक्या ठिकाणी दिसतं की कॅमेरा घेऊन बाहेर पडलं तरी पुरे. कापसाची वेचणी हे मुख्यतः बायकांच्या हातचं काम आहे आणि त्याची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे दुपारी तान्ह्या लेकराला पाजायला बसलेला प्रत्येक क्षण तिच्या मजुरीतून जातो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर गडचिरोलीत मोहफुलं आणि नंतर तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात जातात, आणि आता त्या वाटेवर वाघाची भीतीही असते. शहरात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आहेत, धुणीभांडी करून तीन घरं सांभाळणाऱ्या आहेत, मेट्रोने कॉलेजला जाणारी घरातली पहिली मुलगी आहे.

इतिहासही इथेच आहे आणि त्याला पडद्यावर फार कमी जागा मिळाली आहे. जाईबाई चौधरी कामठी-नागपूर दरम्यान डोक्यावर ओझी वाहून पोट भरत. त्याच बाईंनी 1922 मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. तरुण वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये मातृसेवा संघ सुरू केला, कारण बाळंतपणात बायका मरत होत्या. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. हजारोंनी बायका आल्या होत्या. त्यातल्या एखादीने घरी काय सांगून उंबरठा ओलांडला असेल, लेकराला कोणाकडे ठेवलं असेल, गाडीभाडं कुठून आणलं असेल? परिषद उभी करायला पैसा लागेल, पण तिची आदली रात्र एका खोलीत, एका कंदिलाच्या उजेडात शूट होते. ही फिल्म कोणीतरी करावी असं आम्हाला फार वाटतं.

अत्याचाराचा प्रसंग दाखवल्याशिवाय परिणाम साधेल का?

साधतो, आणि चांगला साधतो. नंतरच्या सकाळी ती कुठला रस्ता टाळते, हे दाखवणं त्या प्रसंगापेक्षा अवघडही आहे आणि खरंही. कथा घडलेल्या घटनेवर बेतली असेल तर लक्षात ठेवा: लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, आणि पीडित मूल असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम 23 लागू होतं. नुसतं नाव बदलून भागत नाही. गल्ली, शाळा, वडिलांचा धंदा यावरूनही गावात माणूस ओळखू येतो.

अपंगत्वाच्या चित्रणात नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा पात्र दोनच साच्यांत अडकतं. एकात ते बिचारं असतं, त्याच्याकडे बघून इतरांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि नायक किती दयाळू आहे हे कळतं. दुसऱ्यात ते थेट डोंगर चढतं, पदक आणतं आणि शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. दोन्हीकडे माणूस गायब आहे. तो चिडत नाही, कुणावर जळत नाही, उधार ठेवत नाही, त्याला कुणी आवडत नाही, तो कंटाळत नाही. अपंगत्व असलेल्या बाईच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होते: तिला मुळात बाईच धरलं जात नाही. तिचं लग्न, तिची इच्छा, आई होणं, घरातल्या वाटणीतला तिचा हिस्सा, यावर कथा जवळजवळ नाहीतच.

8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातल्या चित्रणाविरुद्ध याचिका केली होती. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या खंडपीठाने चित्रपटात हस्तक्षेप केला नाही, पण चित्रणासाठी मार्गदर्शक चौकट घालून दिली. हिणवणारे शब्द टाळा, आजाराची माहिती वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का ते तपासा, माणसाला थट्टेचा विषय करू नका आणि अलौकिक वीरही करू नका. अपंगत्वाची खिल्ली उडवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद, यांत न्यायालयाने फरक केला. आणि ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या सहभागाशिवाय काही ठरवू नका, हे तत्त्व अधोरेखित केलं. पटकथा लिहिण्याआधी हा निकाल वाचाच.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. चारचौघांत अपंग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने हिणवलं तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

मग 'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग'?

सरकारी कागदावर दिव्यांग आहे. चळवळीतल्या अनेकांना ते रुचत नाही, काहींना आवडतं. ज्या माणसासोबत काम करता त्याला विचारा आणि तो म्हणेल ते वापरा. यावर जास्त वेळ घालवू नका, वेळ पटकथेला द्या.

अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअर वापरणारं पात्र लिहिताना कुठले बारकावे बघायचे?

पहिली गोष्ट, एक पूर्ण दिवस त्या व्यक्तीसोबत घालवा. कॅमेरा घरी ठेवा.

अंध पात्र हवेत हात चाचपडत चालताना दाखवतात. स्वतःच्या घरात अंध बाई अशी चालत नाही. तिला पलंगापासून दारापर्यंतची जागा पाठ असते. गोंधळ होतो तो पाहुण्याने खुर्ची सरकवून ठेवली की. चहा ओतताना कप भरत आला हे ती आवाजावरून ओळखते, कारण कप भरताना त्याचा सूर चढत जातो. नुसता हा आवाज जवळून रेकॉर्ड केलात तरी प्रेक्षक तिच्या बाजूला येऊन बसतो. मोबाईलवर ती बोलणारं सॉफ्टवेअर वापरते आणि सवय झाली की इतक्या वेगाने ऐकते की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. फिल्ममध्ये मात्र मोबाईल सावकाश, स्पष्ट बोलतो, आपल्या सोयीसाठी. तिचा खरा वेग ठेवा आणि मजकूर कथेसाठी आवश्यक असेल तर दुसऱ्या मार्गाने कळू द्या.

सांकेतिक भाषेचा प्रसंग असेल तर हात फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका. हा दोष इतका सर्रास आहे की कर्णबधिर प्रेक्षक अशा फिल्म अर्ध्यात सोडतात. आपण भावुक होऊन चेहऱ्याचा क्लोजअप घेतो आणि खाली हात कापले जातात. म्हणजे पात्र बोलतंय आणि आपण आवाज बंद केला. चेहराही लागतो, कारण भुवया, ओठ, मानेचा कल यांत या भाषेचं व्याकरण आहे. म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंतची चौकट धरा, खुणा संपेपर्यंत समोरच्याच्या प्रतिक्रियेवर कट मारू नका, आणि कपडे एकरंगी ठेवा म्हणजे हात उठून दिसतील. नटाला चार खुणा शिकवून काम भागवू नका.

व्हीलचेअरसाठी दवाखान्यातली रुंद, चकचकीत खुर्ची भाड्याने आणली जाते. रोज वापरणाऱ्याची खुर्ची त्याच्या अंगाच्या मापाची असते, तिच्या मागे पिशवी अडकवलेली असते, चाकाच्या कडेला हाताच्या घर्षणाने रंग गेलेला असतो. कॅमेरा त्या उंचीवर आणा. सीताबर्डीच्या गर्दीत त्या उंचीवरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पिशव्या आणि कोपरं दिसतात. आणि न विचारता खुर्ची ढकलणारा भला माणूस दाखवायचा असेल तर ज्याची खुर्ची ढकलली जाते त्याच्या चेहऱ्यावर थांबा.

अपंगत्व नसलेल्या नटाने अशी भूमिका करूच नये का?

करू नये, असं आमचं मत आहे, निदान शॉर्ट फिल्ममध्ये तरी. मोठ्या सिनेमावाल्यांना स्टारचं नाव लागतं, आपल्याला लागत नाही. मग हातातली संधी का घालवायची? शोधलं तर माणसं मिळतात. विशेष शाळांचे माजी विद्यार्थी आहेत, अपंग क्रीडापटू आहेत, बँकेत आणि शाळेत नोकरी करणारे आहेत. तालमीला वेळ जास्त द्या आणि मानधन इतरांइतकंच द्या. "अनुभव मिळेल" म्हणून फुकट बोलावू नका. आणि अपंगत्व असलेल्या नटाला ज्या भूमिकेत अपंगत्वाचा उल्लेखच नाही तीही द्या. दुकानदार, वकील, नवरदेवाची बहीण.

विदर्भाची म्हणावी अशी अपंगत्वाची कथा कुठली?

सिकलसेल. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले, ऑटिझम आला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आल्या. यांतली बरीच अपंगत्वं डोळ्यांना दिसत नाहीत. सिकलसेल विदर्भात घरोघरी माहीत असलेला आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, पोटात असह्य कळा येतात. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी वाजली की दुखणं उसळतं. आपल्या मे महिन्यात या मुलांचं काय होत असेल याचा विचार करा.

आता यात कथा बघा. आठवीतली मुलगी सोमवारी मैदानावर धावते आणि बुधवारी तिला पलंगावरून उठता येत नाही. शिक्षकांना वाटतं ही बहाणे करते, कारण दिसायला तर ती चांगली आहे. दिसणारं अपंगत्व आणि न दिसणारं अपंगत्व यांतला फरक तिला रोज सिद्ध करावा लागतो. पुढे लग्नाचं वय येतं. ज्यांच्यात हा दोष एका जनुकापुरता असतो त्यांना आपल्याकडे 'एएस' म्हणतात, त्यांना सहसा त्रास नसतो. आई आणि वडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस', म्हणजे आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं असं आरोग्य कर्मचारी सांगतात. प्रत्यक्षात तपासणीचा कागद बहुतेक मुलीचा मागितला जातो, आणि मूल आजारी निघालं की बोल तिलाच लागतो, जरी दोष दोघांकडून आलेला असला तरी. आजार, अपंगत्व आणि बाईचं जगणं एकाच घरात एकत्र आलेलं आहे. केंद्राने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, 2047 पर्यंतचं लक्ष्य ठेवून. जनजागृतीच्या चित्रफिती येतील. त्या मुलीच्या बाजूने सांगितलेली गोष्ट मात्र इथल्याच कोणीतरी करायची आहे.

खऱ्या व्यक्तीवर माहितीपट करतोय. संमती कशी घ्यायची?

लेखी घ्या, पण आधी तोंडी समजावून सांगा: फिल्म कुठे दाखवणार, यूट्यूबवर जाणार का, सासरचे किंवा ऑफिसमधले बघतील तर चालेल का. अंध व्यक्तीला कागद वाचून दाखवा आणि तिच्या ओळखीचा माणूस सोबत असू द्या. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पालक किंवा कायदेशीर पालकाची सही लागते, तरी त्या व्यक्तीला स्वतःला सोप्या शब्दांत विचारा. ती कॅमेऱ्यापासून तोंड फिरवत असेल तर आईची सही असली तरी थांबा. तयार फिल्म सगळ्यांत आधी त्यांना दाखवा, लोकांना नंतर.

लहान मुलं घेतली तर?

बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या मानधनातला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. छोटी फिल्म आहे म्हणून नियम लहान होत नाहीत.

पात्रांनी प्रमाण मराठी बोलावं की आपली बोली?

आपली. "काऊन वं, आज डब्बा नाही नेला?" असं आई विचारत असेल तर तसंच लिहा. मालिकांनी आणि सिनेमाने वऱ्हाडी-नागपुरी बोलीला इतकी वर्षं विनोदाला जुंपलंय की कुणी पात्र त्या बोलीत रडलं तरी प्रेक्षक हसायला तयार असतो. ही सवय मोडायची असेल तर गंभीर प्रसंग त्या बोलीत लिहिले पाहिजेत. फक्त कामठीची, भंडाऱ्याची आणि अकोल्याची बोली एक नाही, त्यामुळे संवाद तिथल्याच माणसाकडून वाचून घ्या. नागपुरी बोलण्यात हिंदीही येते, ती गाळू नका.

मोबाईलवर शूट केलं तर चालतं का?

चालतं. आजच्या साध्या फोनचं चित्र पुरेसं असतं. फिल्म बिघडते ती आवाजाने. आणि नागपुरात आवाजाचा शत्रू एकच, कूलर. एप्रिल ते जून घरात बोलणारा प्रसंग घ्यायचा तर कूलर बंद करावा लागतो, पंखाही, आणि दहा मिनिटांत माणसं घामाने निथळतात. म्हणून संवादाचे प्रसंग सकाळी नऊच्या आत उरका, दुपारी बिनसंवादाचे तुकडे घ्या. शर्टला लावायचा माइक विकत घ्या, तो कॅमेऱ्यापेक्षा आधी. शेजारच्या घरचा कूलर कधी सुरू होतो तेही आधी एकदा जाऊन ऐकून या.

उन्हाचा संबंध फक्त आवाजाशी नाही. मणक्याला दुखापत झालेल्या अनेकांच्या शरीराला तापमान सांभाळता येत नाही, घाम नीट येत नाही. सिकलसेलच्या मुलांचं वर लिहिलंच आहे. अशी माणसं फिल्ममध्ये असतील तर शूट हिवाळ्यात ठेवा.

जागा आणि परवानग्या?

रेल्वे, मेट्रो, सरकारी इमारत यांना त्या त्या कार्यालयाची परवानगी. रस्त्यावर गर्दी जमणार असेल तर पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या. ड्रोनचा मोह नको, सोनेगाव विमानतळ आणि वायुसेनेच्या जागेमुळे शहराच्या बऱ्याच भागावर निर्बंध आहेत.

जागा निवडताना आम्ही सगळ्यांत आधी संडास बघतो. तो आहे का, त्याला कडी आहे का, दारातून व्हीलचेअर जाते का. दिवसभराच्या शूटमध्ये मुली पाणी पिणं टाळतात ते याच कारणाने, आणि व्हीलचेअर वापरणारी नटी तर सकाळपासून काहीच पीत नाही. पन्नास हजारांची फिल्म असो की पाच हजारांची, हा खर्च पहिला.

गाणं वापरायचं आहे. जुनंच आहे, चालेल ना?

बहुधा नाही. कवीच्या निधनानंतर 60 वर्षं शब्दांवर कॉपीराइट राहतो. सुरेश भट 2003 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गझला 2063 अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले, त्यांच्या गीतांना 2064 अखेरपर्यंत. तुकडोजी महाराजांचं निधन 1968 चं, त्यांच्या भजनांना 2028 अखेरपर्यंत. तुकोबांचा अभंग मोकळा आहे, पण कोण्या गायकाने केलेली त्याची ध्वनिफीत मोकळी नाही. जात्यावरच्या पारंपरिक ओव्या घ्या, आपल्याच ताईकडून गाऊन घ्या आणि श्रेयनामावलीत तिचं नाव टाका.

कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन शॉर्ट फिल्मला खरंच लागतं का?

हा प्रश्न ऐकला की वाईट वाटतं. अंध मुलीवर फिल्म केली आणि ती तिला कळत नाही, कर्णबधिर मुलावर केली आणि त्यातले संवाद त्याला वाचता येत नाहीत, तर ती फिल्म कोणासाठी केली? आमच्या लेखी ज्याच्याविषयी फिल्म आहे त्याला ती अनुभवता आली नाही तर ती अजून पूर्ण झालेली नाही.

माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांतल्या कथापटांसाठी सुगम्यतेची, म्हणजे अंध-कर्णबधिर प्रेक्षकांनाही फिल्म अनुभवता यावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाला ओटीटीसाठी कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन करायला सांगितलं होतं. ही तत्त्वं शॉर्ट फिल्मवर लादलेली नाहीत. पण आपलं काम दहा मिनिटांचं असतं आणि ते दोन संध्याकाळींत होतं, म्हणून आपल्याकडे कारणही उरत नाही.

कॅप्शन म्हणजे नुसता संवाद लिहिणं नाही. कुकरची शिट्टी, दाराची कडी, शेजारच्या खोलीतलं खोकणं, कथेला लागणारा प्रत्येक आवाज लिहायचा. कोण बोलतंय ते पडद्यावर दिसत नसेल तर नाव टाकायचं. एका वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही, आणि वाचून होईपर्यंत ठेवायच्या. यंत्राने आपोआप केलेलं मराठी कॅप्शन तपासल्याशिवाय टाकू नका, बोलीभाषा आली की ते भलतंच लिहितं.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जे दिसतंय ते थोडक्यात सांगणं. समजा दृश्य असं आहे: सुमन फडताळातला डबा काढते, झाकण उघडते, आत बघते, परत लावते. वर्णन एवढंच: "सुमन डबा उघडते. तळाला मूठभर तांदूळ. झाकण लावते." इथे "सुमन उदास होते" असं म्हणायचं नाही. ऐकणारा हुशार असतो, त्याला तांदूळ पुरेसा आहे. लिहून झालं की अंध व्यक्तीला ऐकवा आणि ती सांगेल ते बदला. पटकथा लिहितानाच संवादांमध्ये अशी मोकळी जागा ठेवली तर पुढचं काम अर्धं होतं, आणि फिल्मही कमी बडबडी होते.

सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं का?

यूट्यूबवर टाकायला लागत नाही. चित्रपटगृहात किंवा इतर सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे लागतं. महोत्सवांना मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, ती आयोजकांनी घ्यायची असते. 2024 च्या नव्या नियमांनी 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे, 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले आहेत.

नागपुरात प्रदर्शन करायचं तर सभागृह कसं निवडावं?

भाड्याआधी पायऱ्या मोजा. शहरातल्या एका सभागृहात बाहेर छान उतार आहे, आत रंगमंचावर जायला मात्र सात उंच पायऱ्या आहेत. म्हणजे व्हीलचेअरवरची दिग्दर्शिका प्रेक्षकांत बसू शकते, सत्काराला वर जाऊ शकत नाही. आम्ही तेव्हा खुर्च्या आणि माइक खाली आणून सगळा कार्यक्रम जमिनीवरच घेतला. मेट्रोजवळची जागा निवडा, स्थानकांवर लिफ्ट आहेत. सीताबर्डी आणि झाशी राणी चौकाचा भाग त्यासाठी सोयीचा पडतो. मात्र स्थानकापासून दारापर्यंतचा फूटपाथ स्वतः चालून बघा, तुटका रस्ता तिथेच असतो.

व्हीलचेअरची जागा शेवटच्या रांगेच्या मागे नको, मित्रमंडळींच्या शेजारी हवी. सांकेतिक भाषेचा दुभाषा असेल तर दिवे पूर्ण मालवू नका, त्याच्यावर छोटा दिवा ठेवा. चर्चेत बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं, म्हणजे अंध प्रेक्षकाला कळतं. आणि एक विनंती: 3 डिसेंबर (जागतिक अपंग दिन) आणि 8 मार्च (महिला दिन) सोडूनही कार्यक्रम ठेवा. त्या दोन दिवशी सगळ्यांना बोलावणी असतात, एरवी कुणी विचारत नाही. साधा शनिवार चालतो.

कुठल्या महोत्सवांना पाठवावी?

लघुपट आणि माहितीपटांसाठी मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (मिफ) आहे, 1990 पासून चालू, दोन वर्षांतून एकदा. केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव चांगला आहे. अपंगत्वावरच्या फिल्मसाठी चेन्नईचा ॲबिलिटी फेस्ट आणि दिल्लीचा वी केअर, बायकांनी केलेल्या फिल्मसाठी दिल्लीचा आशियाई महिला चित्रपट महोत्सव. प्रवेश शुल्क मागणारे आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र वाटणारे ऑनलाइन महोत्सव ढीगभर आहेत, त्यांत पैसे घालू नका. तेवढ्या पैशांत एका गावात पडदा लावता येतो.

नागराज मंजुळे यांनी कथापटांच्या आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे महोत्सवाने फिल्म नाकारली म्हणून खचलेल्या मुलामुलींना आम्ही आवर्जून सांगतो.

मला स्वतःला अपंगत्व आहे. अभिनय नाही, फिल्म करायची आहे. जमेल का?

जमेल, आणि तुमच्या फिल्मची आम्हाला सगळ्यांत जास्त वाट आहे. अंध लेखक पटकथा बोलून लिहितात, आवाजाची रचना तर अनेकदा इतरांपेक्षा बारकाईने करतात. कर्णबधिर संकलकांची चित्रावरची नजर पक्की असते. हाताची हालचाल मर्यादित असेल तर फोन स्टँडवर लावून रिमोटने शूट करता येतं. जे जमत नाही त्यासाठी माणूस सोबत घ्या, प्रत्येक दिग्दर्शक घेतोच.

सुरुवात अशी करा. या आठवड्यात तुमच्या घरातली एक गोष्ट निवडा, जी फक्त तुम्हालाच माहीत आहे. दाराचा आवाज, बसच्या पायरीची उंची, फोनवर तुमच्याऐवजी तुमच्या भावाशी बोलणारी बँकेतली बाई. तिच्यावर तीन मिनिटांची पटकथा लिहा किंवा बोलून रेकॉर्ड करा. घरच्यांना आधी दाखवू नका, ते काळजीपोटी कापतात. मग ती आमच्याकडे आणा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही एकत्र बसून पटकथा वाचतो. दुभाषा हवा असेल तर चार दिवस आधी कळवा.